पाहिले ते प्रमाण

प्रस्तावना

मिरी हा आपल्या स्वयंपाकघरातील नित्याचा पदार्थ आहे. मिरीचा वेल असतो, तो दुसऱ्या झाडाच्या आधाराने वर चढतो आणि त्याला घोसांनी फळे लागतात, हे कोकणात किंवा केरळात राहणाऱ्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. परंतु साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातील नामवंत वैद्यांनाही ते ठाऊक नव्हते. मिरी ते औषधात वापरीत, तिच्यासाठी भरपूर पैसा मोजीत. मात्र ती कशी वाढते, या प्रश्नाचे उत्तर ते दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथांत शोधीत. प्रस्तुत पाठात आपण अशा एका वैद्याचा परिचय करून घेणार आहोत, ज्याने ग्रंथ बाजूला ठेवून झाडाकडे पाहिले. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. त्याचे पाहणे गोव्यात आणि अहमदनगरच्या दरबारात घडले, आणि त्याचा शेवटही गोव्यातच झाला.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण
• सोळाव्या शतकात राज्यसत्ता, व्यापार आणि विज्ञान यांचा संबंध कसा होता, ते सांगू शकाल;
• ग्रंथप्रामाण्य आणि निरीक्षण यांतील भेद उदाहरणाने स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या ग्रंथामागे असलेल्या अनेकांच्या ज्ञानाची दखल घेऊ शकाल.

मूळ पाठ

१. व्यापाराच्या मागोमाग सत्ता

1498 मध्ये वास्को द गामा समुद्रमार्गाने कालिकतला पोहोचला. मसाल्यांचा व्यापार आपल्या हाती यावा, हा पोर्तुगीजांचा उद्देश होता. 1510 मध्ये अफोंसो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला आणि 1530 मध्ये गोवा ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झाली.

त्या काळी मसाला ही केवळ चवीची वस्तू नव्हती. मिरी, दालचिनी, लवंग, हिंग, कापूर ही सारी द्रव्ये औषधे म्हणूनही विकली जात. त्यामुळे त्यांची पारख असणारा वैद्य राज्यकर्त्यांना हवा असे आणि व्यापाऱ्यांनाही. विज्ञानाची ही वाट व्यापारी जहाजांनीच उघडून दिली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

२. भयाच्या छायेतून आलेला वैद्य

गार्सिया द ऑर्ता याचा जन्म 1500 च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीदे या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. 1492 मध्ये स्पेनच्या राजसत्तेने यहुद्यांना देशाबाहेर घालविले, तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले. पाचच वर्षांनी, 1497 मध्ये, तेथील यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा कुटुंबांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. त्यांचा धर्म बदलला, तरी त्यांच्यावरील संशय मात्र कायम राहिला.

ऑर्ताने स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे तो लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन करू लागला. 1534 मध्ये मार्तीं अफोंसो द सोझा या सेनानीबरोबर त्याचा वैद्य म्हणून तो भारताकडे निघाला आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात गोव्यास पोहोचला. दोनच वर्षांनी, 1536 मध्ये, पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले. संशयित नवख्रिस्ती माणसांची चौकशी करणे, हे त्याचे मुख्य काम होते. ऑर्ता स्वदेशी परत गेला नाही.

३. निजामशहाच्या दरबारात

गोव्यात ऑर्ताचा जम बसला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्यावर तो उपचार करी. त्याची कीर्ती पोर्तुगीज हद्दीपलीकडेही गेली होती. अहमदनगरचा सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशहा याने त्याला उपचारांसाठी बोलावले आणि पुढे दोघांत स्नेह जुळला. निजामशहाच्या पदरी अरबी व इराणी परंपरेतील हकीम होते. त्यांच्याशी ऑर्ताची चर्चा होई. एकाच औषधी द्रव्याला अरबीत काय म्हणतात, फारसीत काय म्हणतात, देशी भाषांत काय म्हणतात, हे तो नोंदवून घेई. वैद्यकात नावाचा घोटाळा झाला तर रोग्याला भलतेच औषध दिले जाते. म्हणून नावांचा हा शोध केवळ भाषेचा छंद नव्हता, तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

1554 च्या सुमारास मुंबई बेट पोर्तुगीज सरकारने ऑर्ताला वार्षिक खंडाने दिले. तेथील आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळे येतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

४. संवादरूप ग्रंथ

भारतातील पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला. त्याच गोव्यात 10 एप्रिल 1563 रोजी ऑर्ताचा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. भारतातील औषधी वनस्पती आणि द्रव्ये यांविषयीचे संवाद, असे त्याचे स्वरूप आहे. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. तथापि अधिक लोकांना वाचता यावे, म्हणून ऑर्ताने पोर्तुगीज भाषा निवडली.

ग्रंथात मुख्यतः दोन पात्रे बोलतात. एक स्वतः ऑर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य. रुआनो युरोपातून नुकताच आलेला आहे. तो प्रत्येक वेळी प्राचीन ग्रंथांचा आधार पुढे करतो. ऑर्ता त्याला प्रत्यक्ष वस्तू दाखवितो. आपण स्पेनमध्ये असतो तर गेलेनसारख्या ग्रीक आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, अशी प्रांजळ कबुलीही तो देतो.

एक उदाहरण पाहू. डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या मते पिंपळी, पांढरी मिरी आणि काळी मिरी ही सारी एकाच झाडाची फळे होत. युरोपात हे मत शतकानुशतके शिरोधार्य मानले गेले. ऑर्ताने सांगितले, की पिंपळीची वनस्पती मिरीहून सर्वस्वी वेगळी आहे. हे त्याचे म्हणणे अचूक होते. मात्र काळी आणि पांढरी मिरी या दोन वेगळ्या वेलींची फळे आहेत, असेही तो समजत होता, आणि येथे तो चुकला. पिकलेल्या मिरीची साल काढली की पांढरी मिरी मिळते, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे ज्याने इतरांच्या चुका दाखविल्या, त्याचेही तपासूनच स्वीकारावे लागते. निरीक्षणाची शिस्त ती हीच.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेशी निगडित आहे. पटकीसारख्या भयंकर रोगाचे वर्णन करताना ऑर्ता सांगतो, की येथील लोक त्याला ‘मोर्शी’ म्हणतात. आपल्या परिचयाचा ‘मोडशी’ हा शब्द तो हाच. पोर्तुगीजांनी त्याचा उच्चार आणखी बदलला आणि पुढे फ्रेंच भाषेत त्याचे रूप असे झाले, की त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होऊ लागला! एक देशी शब्द जहाजात बसून किती दूर जातो आणि वाटेत त्याचे काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५. ज्ञानाचे वाटेकरी

या संवादांत आंतोनिया नावाची एक दासी अधूनमधून येते. धन्याने हाक मारताच ती हवी ती वनस्पती आणून समोर ठेवते आणि निघून जाते. मलुपा नावाचा एक देशी वैद्यही एका संवादात बोलतो. अतिसारासारख्या रोगांवरील काही उपचार आपण येथील वैद्यांकडून घेतले, हे ऑर्ता लपवीत नाही. तरीही त्यांपैकी बहुतेकांची नावे ग्रंथात नाहीत. झाड कोठे सापडते, त्याचे मूळ केव्हा खणावे, साल कशी वाळवावी, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, ते ‘येथील लोक’ एवढ्याच शब्दांत उरले.

पुढे तर वसाहतीच्या कारभाराने त्यांच्यावर बंधने घातली. 1618 मध्ये गोव्याच्या नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या तीसपुरती मर्यादित केली. ज्ञान हवे होते. ज्ञानी माणसे मात्र मोजकीच हवी होती.

६. ग्रंथ वाचला, माणसे जळाली

1560 मध्ये गोव्यातही धर्मन्यायालय स्थापन झाले. 1568 मध्ये ऑर्ताचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याची बहीण कातारीना हिच्यावर गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा आरोप सिद्ध झाल्याचे ठरवून तिला 1569 मध्ये गोव्यात जिवंत जाळण्यात आले. 1580 मध्ये त्याच आरोपावरून ऑर्तालाही मरणोत्तर दोषी ठरविले गेले. त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून काढल्या आणि जाळून टाकल्या.

मात्र ग्रंथ तोवर समुद्रापार गेला होता. कार्लुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद 1567 मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध केला आणि युरोपभरचे विद्वान तो वाचू लागले. ज्या सत्तेच्या आश्रयाने हे ज्ञान जमा झाले, त्याच सत्तेने ज्ञात्याची राख केली. परंतु ज्ञान तिच्या हातून निसटले होते.

७. नागरी अक्षरांतील साक्ष

पुढील शतकातील एक घटना या कथेशी जोडून पाहण्यासारखी आहे. केरळच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची जागा डच लोकांनी घेतली. तेथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. या कामी इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणीभाषक पंडित साहाय्यक होते. आपण ही माहिती दिली, असे त्या तिघांचे 1675 मधील निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. आंतोनियाला आणि गोव्यातील अनाम वैद्यांना जे लाभले नाही, ते या तिघांना लाभले: आपल्या अक्षरांत आपले नाव.

आज पणजीच्या मध्यवस्तीतील उद्यानाला गार्सिया द ऑर्ताचे नाव आहे. त्या नावाचे स्मरण करताना झाड दाखविणाऱ्या हातांचेही स्मरण व्हावे. विज्ञान कोणा एकाच्या मालकीचे नसते. पाहणारा, दाखविणारा आणि लिहून ठेवणारा, अशा तिघांच्या श्रमांतून ते उभे राहते.

शब्दार्थ

ग्रंथप्रामाण्य – ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे मानणे
शिरोधार्य – आदराने स्वीकारलेले
प्रांजळ – मनमोकळे, प्रामाणिक
खंड – जमीन वापरण्याबद्दल द्यावयाची ठरलेली रक्कम
पटकी – कॉलरा
अतिसार – जुलाबाचा विकार
मरणोत्तर – मृत्यूनंतरचे

पाठगत प्रश्न

१. ऑर्ताच्या आईवडिलांना स्पेन का सोडावे लागले?
२. औषधांच्या नावांचा शोध घेणे ऑर्ताला महत्त्वाचे का वाटले?
३. मिरीविषयी ऑर्ताचे कोणते मत बरोबर ठरले आणि कोणते चुकले?

स्वाध्याय

१. ‘ज्ञान हवे होते, ज्ञानी माणसे मात्र मोजकीच हवी होती’, या विधानाचा आशय आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. ऑर्ताने आपल्या ग्रंथासाठी संवादाचा प्रकार का निवडला असावा, असे आपल्याला वाटते? सकारण लिहा.
३. आपल्या घरातील किंवा परिसरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एका औषधी वनस्पतीची माहिती मिळवा. आपल्या भागातील तिची सर्व नावे नोंदवा आणि माहिती देणाऱ्याचे नाव लिहिण्यास विसरू नका.