ताप गेला, खोकला राहिला : सेट्रिझीन किती उपयोगी?

हवा पालटली की राहाता परिसरात सर्दी-तापाची साथ घरोघर फिरते. तीन-चार दिवसांत ताप उतरतो. पण नाक गळणे, घसा खवखवणे, ठसका आणि अशक्तपणा मागे रेंगाळतो. मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सेट्रिझीनची पट्टी येते. गोळीने झोप चांगली लागते, म्हणून ती दोन-तीन आठवडेही घेतली जाते. ही गोळी नेमके काय करते, हे समजून घेऊ.

धूळ, परागकण किंवा गाजरगवताची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांच्या शरीरात हिस्टामीन नावाचे द्रव्य सुटते. त्यामुळे लागोपाठ शिंका येतात, नाकातून पाणी वाहते, डोळे खाजतात, अंगावर गांधी उठतात. सेट्रिझीन, लेव्होसेट्रिझीन, क्लोरफेनिरामीन ही औषधे हिस्टामीनचा परिणाम रोखतात. अशा त्रासात ती खरोखर गुणकारी आहेत.

तापानंतरच्या खोकल्याचे कारण बहुधा वेगळे असते. विषाणूमुळे श्वासनलिकेचे आतील अस्तर दुखावते व हुळहुळे होते. ते भरून येईपर्यंत चुलीचा धूर, गार वारा, मोठ्याने बोलणे एवढ्यानेही ठसका लागतो. यात हिस्टामीनचा वाटा थोडा, म्हणून गोळीचा उपयोगही थोडा. हा खोकला साधारण तीन आठवड्यांत, काहींना मात्र आठ आठवड्यांनी आपोआप थांबतो. अशक्तपणावर तर ही गोळी चालतच नाही. उलट गुंगीने माणूस अधिक मरगळतो. कोरोनानंतर दीर्घकाळ राहणाऱ्या तक्रारींवरही ही औषधे वापरून पाहिली गेली, परंतु खात्रीचा पुरावा अद्याप मिळालेला नाही.

कोणी जपावे?

* गोळी घेऊन मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालवू नये. सोबत दारू तर मुळीच नको.
* प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांची लघवी अडू शकते, विशेषतः क्लोरफेनिरामीनसारख्या जुन्या औषधांनी. काचबिंदू असणाऱ्यांनीही ती टाळावीत.
* मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.
* लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये. क्लोरफेनिरामीन व फिनाइलएफ्रिन यांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' अशी सूचना छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. रोज गोळी घेऊन 'साधाच खोकला' म्हणत दिवस काढताना क्षयरोग आत वाढत राहू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी व क्षयाची औषधे मोफत मिळतात. खोकला आपोआप थांबण्याची वाट अवश्य पाहावी, पण तपासणी करून! थुंकीत रक्त, धाप, छातीत दुखणे, वजन घटणे, रात्री घाम येणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

एरवी कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, पुरेशी विश्रांती आणि धूर-तंबाखूपासून दूर राहणे पुरेसे असते. झोपताना चमचाभर मधाने ठसका कमी होतो. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.