दोन साप एका बरणीत ठेवावेत का?



आम्ही दोघे भाऊ एका गोधडीत झोपतो. आमच्या शेळ्या एका गोठ्यात राहतात. कोंबड्या एका खुराड्यात बसतात. म्हणून मला वाटायचे, सापालाही सोबत लागत असेल. पण ते चूक आहे. कसे ते सांगतो.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या दादाने ओढ्याकाठी एक लहान दिवड पकडली. दिवड बिनविषारी असते. ती बेडूक आणि मासे खाते. दादाने तिला भोके पाडलेल्या बरणीत ठेवले. रात्री आमच्या सरपणात मण्यार निघाला. दादाने तोही धरला. दुसरी बरणी नव्हती. मीच म्हणालो, "दादा, दिवड एकटीच हाय. तिच्यातच टाक, सोबत होईल." दादाने ऐकले. सकाळी दोघांना सोडायचे ठरले.

सकाळी बघतो तर बरणीत एकच साप! मण्याराचे पोट फुगले होते. मला लई वाईट वाटले. त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

शाळेत बाईंना सांगितले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सापांची माहिती समजावून दिली. ती अशी :

१) काही साप दुसरे साप खातात. मण्यार खातो, नागही खातो. नागराज तर मुख्यतः सापच खातो. तो १५ फुटांहून लांब वाढू शकतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'साप खाणारा' असा आहे.

२) एकच उंदीर दोन सापांनी दोन बाजूंनी धरला, तर गिळता गिळता एक साप दुसऱ्यालाही गिळू शकतो.

३) दोन धामणी पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक म्हणतात, सापांचे लगीन लागले. पण पुष्कळदा ती दोन नरांची कुस्ती असते. रानात हरलेला नर पळून जातो. बरणीतून तो कुठे पळणार?

४) एका सापाला रोग किंवा गोचीड असली तर ती दुसऱ्याला लागते.

५) सापाला सोबत लागत नाही. घोणस पिल्लांना जन्म देते, पण सांभाळत नाही. पिल्ले लगेच आपापल्या वाटेने जातात.

आणखी एक गोष्ट. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्याकडचे रानातले साप धरून घरी पाळणे गुन्हा आहे. मग बरणी एक असो की दोन. साप बघायचे असतील तर पुण्याजवळ कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान आहे. तिथे माहितगार लोक सापांना सांभाळतात.

साप निघाला तर मारू नका, स्वतः धरूही नका. लांबून लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. साप उंदीर खातो, आपले धान्य वाचवतो.

दादाने आता दोन-तीन बरण्या आणि जाड कापडाच्या पिशव्या ठेवल्या आहेत. वनखात्याच्या ऑफिसात जाऊन परवानगीचेही विचारले आहे. पण ती दिवड काही परत येणार नाही. माझ्यासारखी चूक तुम्ही करू नका, म्हणून हे लिहिले.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी