नजर कुणाची? (श्रीमद्भागवत १.४.५)



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, चौथा अध्याय, श्लोक ५.

प्रसंग छोटासाच आहे. तरुण शुकदेव घर सोडून निघालेत, अंगावर वस्त्र नाही. मागून वडील व्यास येताहेत. वाटेत देवस्त्रिया स्नान करत होत्या. शुकदेव जवळून गेले, त्या तशाच राहिल्या. व्यास आले, तेही वस्त्र नेसलेले, वयोवृद्ध. तर त्यांनी लाजून घाईघाईने अंग झाकलं. व्यासांनी आश्चर्याने कारण विचारलं. उत्तर मिळालं : तुमच्या दृष्टीत स्त्री-पुरुष हा भेद आहे, तुमच्या मुलाच्या दृष्टीत नाही.

भागवत व्यासांनी रचलं असं आपण मानतो. म्हणजे स्वतःच्या नजरेबद्दलचं हे परखड उत्तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

हा श्लोक आज घ्यायचं कारण म्हणजे जुना जालन्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने विचारलेला प्रश्न. "दादा, देवळाच्या रांगेत एक काका माझ्या स्लीव्हलेस कुर्त्याकडे बराच वेळ बघत होते, आणि मग मलाच संस्कार शिकवले. तेव्हापासून दर्शनाला जावंसंच वाटत नाही."

यात दोन गोष्टी वेगळ्या करू या.

पहिली, देवळाची मर्यादा. मे २०२३ मध्ये तुळजापूरला तोकड्या कपड्यांना मनाई करणारे फलक लागले आणि वाद होताच काही तासांत मागे घेतले गेले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाने पोशाखाचा नियम जाहीर केला. जिथे नियम आहे तिथे तो पाळावा, हे माझं मत. पण तो हाफ पँटमधल्या दादालाही लागू हवा. आणि देवळाचा नियम रस्त्यावर चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की, तोकडे कपडे घालून नाचणं एवढ्यानेच ते कृत्य अश्लील ठरत नाही.

दुसरी गोष्ट, बघणाऱ्याची साधना. आमच्या कामात एरर जिथे दिसतो तिथेच बग असतो असं नाही. मागे मागे जात मूळ शोधावं लागतं. गीता २.६२ मध्ये भगवंत तेच करतात. क्रोधाच्या मागे काम, कामाच्या मागे आसक्ती, आणि आसक्तीच्या मागे विषयाचं चिंतन. साखळी सुरू होते ती चिंतनापासून, म्हणजे आपल्या आत. आणि ३.६ तर अजून थेट : हातपाय आवरून बसलेला, पण मनाने विषयच घोळवणारा माणूस मिथ्याचारी. आधी टक लावून बघणं आणि मग उपदेश करणं, याला दुसरा शब्द नाही.

कुणाला खरंच काही सांगायचंच असेल, तर १७.१५ ची चाळणी लावा : बोलणं समोरच्याला न दुखावणारं, खरं, प्रिय आणि हिताचं आहे का? चारही जमत नसतील तर नामस्मरण करावं.

आजचा अभ्यास : दिवसभरात नजर जिथे अडकेल तिथे ती हळूच सोडवून घ्या. मनात शेरा उठला तर तो तिथेच थांबवा.

आणि ताई, आषाढीला आनंदी स्वामींच्या दर्शनाला नक्की ये. त्या काकांमुळे तुझं दर्शन चुकायला नको.

राम कृष्ण हरी.