सांगाडा गंजलेला, इंजिन ठणठणीत

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. लोटस सेव्हनच्या धर्तीची किट कार घरीच बांधायला घेतोय. जुन्या फोर्ड फोकसचं झेटेक इंजिन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

उत्तर : इंजिन दणकट आहे, वाद नाही. पण फोकसमध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. तुम्हाला ते उभं बसवून मागची चाकं फिरवायची आहेत. म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या जुन्या फोर्ड सिएराचा गिअरबॉक्स शोधा, बेलहाउसिंग जुळवा, इंजिनाखालचा उथळ ऑइल संप मिळवा. स्वस्ताई तिथंच संपते.

माझं मत माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीच्या पारड्यात. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं एकाच गाडीतून, जुळलेलं मिळतं. या गाड्यांच्या दाराखालच्या पट्ट्या गंजतात, म्हणून ठणठणीत इंजिनाच्या गाड्याही भंगारात निघतात. आपल्या पथ्यावरच पडतं ते! जमलं तर १.८ लिटरची घ्या, तिचं डिफरन्शियल जास्त दणकट. १.६ ची अगदी सुरुवातीची गाडी असेल, तर इंजिन सुरू ठेवून क्रँकच्या पुलीकडे नीट बघा. पुली डुलताना दिसली की सरळ काढता पाय घ्या.

अर्थात, तुमच्या किटची चासी कोणत्या गाडीच्या भागांसाठी बनवली आहे, हे आधी विचारा. इंजिनाच्या वयाचा कागदोपत्री पुरावाही जपून ठेवा. गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या आयव्हीए तपासणीत धुराची मर्यादा त्यावर ठरते. आणि जुन्या गाडीचं वायरिंग कापू नका, प्रत्येक प्लगला चिठ्ठी लावून अख्खंच्या अख्खं काढा.