तेल आहे, तरी बेअरिंग कोरडं! : चिंचोक्यांचा एक पाठ



दिवाळी झाली की आपल्या मानवतला कापसाच्या गाड्या लागतात आणि जिनिंगची घरघर सुरू होते. या यंत्रांचे फिरते दांडे बेअरिंगवर टेकलेले असतात. जिनिंगवर काम करणाऱ्या एका पालकांनी मला विचारलं, "सर, ग्रीस तर भरलेलं होतं, मग बेअरिंग तापलं कसं?" प्रश्न साधा नाही. जिथे रुईचे तंतू उडत असतात, तिथे तापलेलं बेअरिंग म्हणजे आगीला आमंत्रणच.

बेअरिंग तापण्याची कारणं बरीच असतात. त्यातलं एक मुलांना समजावण्यासारखं आहे: वंगण असतं, पण लागतं त्या जागी नसतं. याला वंगणाची उपासमार म्हणतात.

होतं काय?

बेअरिंगमधली गोळी आणि तिची वाट यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. हा थर बहुतेक वेळा 1 मायक्रॉनपेक्षाही पातळ! गोळी पुढे जाताना तेल दोन्ही बाजूंना सारते. पुढची गोळी येण्याआधी ते परत वाटेवर यायला हवं. वेग वाढला की परतायला वेळच मिळत नाही.

कृती

जमिनीवर खडूने शेजारी-शेजारी तीन चौकोन काढा. प्रत्येकात 12 चिंचोके ठेवा. मधला चौकोन म्हणजे गोळीची वाट, चिंचोके म्हणजे तेल.

1. गोळी आली : मधल्या चौकोनातले 4 चिंचोके उचला, दोन्ही बाजूंना 2-2 टाका.
2. तेल परतलं : बाजूच्या प्रत्येक चौकोनातून 1 चिंचोका मध्ये आणा. मधल्यात 12 झाले की थांबा.

आधी हळू खेळा, म्हणजे दोन गोळ्यांच्या मध्ये परतण्याच्या दोन पाळ्या द्या. गोळी गेल्यावर मध्ये 8 उरतात, मग 10, मग पुन्हा 12. कितीही वेळ खेळा, वाट भरलेलीच.

आता वेगात, मध्ये एकच पाळी. गोळी गेल्यावर मध्ये उरतात 8, 6, 4, 2 आणि पाचव्या गोळीला शून्य! बाजूंना मात्र 18-18. मुलांना एकूण मोजायला सांगा : 36 च्या 36. एकही चिंचोका हरवला नाही, तरी वाट कोरडी. इथे वर्ग क्षणभर गप्प होतो, तो क्षण दवडू नका.

खऱ्या गणितात

संगणकावर हेच करतात, फक्त चौकोन हजारो असतात. तेलाच्या थरातला दाब काढायला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडलेलं समीकरण वापरतात आणि कुठली फट तेलाने पूर्ण भरली, कुठली अर्धवट, याचा हिशेब ठेवतात. आपल्या खेळात एक उणीव आहे, तीही सांगा. तेल जितकं जास्त सारलं जाईल तितकं ते जोराने परतू लागतं, म्हणून खरा थर एकदम शून्य न होता बहुधा पातळ होऊन टिकतो. पण फार पातळ झाला की लोखंड लोखंडाला घासतं.

एक गंमत : तेलाचा पुरवठा भरपूर असेल तर वेगाने थर जाड होतो, उपासमारीत तोच पातळ होतो. आणि "जाड तेल घाला" हा सल्लाही दरवेळी लागू पडत नाही. जाड तेल परततंही हळूच.

मुलांना विचारा

- चिकट तेलासाठी खेळाचा कुठला नियम बदलाल?
- बाजूंना 50 चिंचोके ठेवले, तर पाचव्या गोळीला काय होईल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी त्या पालकांना खेळून दाखवलं : काहीच फरक पडत नाही. नुसतं भरून चालत नाही, वेळेवर पोचावं लागतं. अभ्यासाचंही तसंच आहे, नाही का?