हार्ड ॲनोडाइज्ड भांडी: काय करावे, काय टाळावे

वजनाला हलकी आणि किमतीला जड अशी काळपट-राखाडी कढई आता अनेक घरांत आली आहे. ती घेताना दुकानदार एक सांगतो, शेजारीण दुसरे सांगते आणि घरी आल्यावर तिला जुन्या जर्मनच्या पातेल्यासारखेच वापरले जाते. मग दोन-तीन वर्षांत आतून पांढरे चट्टे दिसू लागतात आणि भांडेच वाईट होते असा शिक्का बसतो. खरे तर हे भांडे दणकट आहे. त्याचे वैर आहे ते आंबटाशी, साचलेल्या खारटाशी आणि धुण्याच्या सोड्याशी. एवढे ध्यानात ठेवले की पुढची बहुतेक पथ्ये आपोआप समजतात.

आधी हा काळा थर कसला ते पाहू. घडवलेले ॲल्युमिनियमचे भांडे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या गंधकाम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडतात. त्यामुळे पृष्ठभागावरच्या ॲल्युमिनियमचेच ऑक्साइड बनते. साध्या ॲल्युमिनियमवरही हवेमुळे असा थर धरतो, पण तो जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो. इथे तो साधारण 25 ते 50 मायक्रॉन, म्हणजे ढोबळमानाने केसाच्या निम्म्या जाडीचा होतो. हा थर वरून लावलेला नसतो, धातूतूनच तयार झालेला असतो. म्हणून त्याचे रंगासारखे पोपडे निघत नाहीत आणि कल्हईसारखा तो विस्तवावर वितळतही नाही. मात्र झिजला की कल्हईवाल्याला बोलावून तो पुन्हा चढवता येत नाही. जपायचा तो यासाठी.

विकत घेताना

काय करावे

- दोन प्रकार वेगळे ओळखा. आतून-बाहेरून नुसते हार्ड ॲनोडाइज्ड भांडे हा एक प्रकार. बाहेरून हार्ड ॲनोडाइज्ड आणि आतून नॉनस्टिकचा लेप हा दुसरा. दोन्ही एकाच फळीवर, एकाच रंगात मांडलेले असतात आणि त्यांची पथ्ये मात्र वेगळी असतात. खोक्यावरचा मजकूर वाचा, शंका असेल तर स्पष्ट विचारा.
- जाडी पाहा. कढई आणि पातेल्यासाठी 3 मिलिमीटरच्या पुढे, तव्यासाठी 4 मिलिमीटरच्या पुढे जाडी असलेली बरी. जाड बुडात उष्णता सारखी पसरते, त्यामुळे पुरण घोटताना किंवा दूध आटवताना मधोमध करपत नाही.
- बूड सपाट आहे का, हे काउंटरवर ठेवून पाहा. तिथेच डुगडुगणारे भांडे घरी गेल्यावर सरळ होणार नाही.
- इंडक्शन शेगडी असेल तर लोहचुंबक लावून बघा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. बुडाला स्टीलची चकती बसवलेली असेल तरच ते भांडे इंडक्शनवर तापते.
- आयएसआय चिन्ह तपासा. प्रेशर कुकरसाठी आयएस 2347 हे मानक आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस 1660 आहे आणि त्यात हार्ड ॲनोडाइज्ड भांडीही येतात. भांड्यांना हे चिन्ह बंधनकारक करण्याचा आदेश केंद्र सरकारने 14 मार्च 2024 रोजी काढला.
- दांडा आणि कान हलवून पाहा. रिबिटा घट्ट हव्यात. भरलेली कढई दोन्ही कानांनी उचलता आली पाहिजे, म्हणजे सांडशीची गरज पडत नाही.

काय टाळावे

- काळा रंग दिसला की हार्ड ॲनोडाइज्ड असे समजू नका. बाहेरून काळा रंग दिलेली स्वस्त भांडीही मिळतात. खरा थर मंद राखाडी-काळा असतो, रंगासारखा चकचकीत नसतो. घरात मल्टिमीटर असेल तर खात्री करणे सोपे आहे. ऑक्साइडच्या थरातून वीज वाहत नाही, म्हणून दोन्ही टोके हलकेच टेकवली तरी मीटर काही दाखवत नाही.
- मोठा संच एकदम घेऊ नका. एक कढई किंवा एक तवा घ्या, काही महिने वापरा, मगच पुढचे ठरवा.

आच आणि परतणे

काय करावे

- मध्यम आचेवर स्वयंपाक करा. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलपेक्षा दहा पटींहून अधिक चांगल्या रीतीने उष्णता वाहून नेते. मोठ्या आचेने काम लवकर होत नाही, पदार्थ लागतो आणि गॅस वाया जातो.
- ज्वाळा बुडापुरतीच ठेवा. ती कडांवरून वर आली की बाहेरच्या बाजूचे तेल करपून त्याचे चिवट तपकिरी डाग बसतात आणि दांडेही तापतात.
- आधी भांडे, मग तेल, मग पदार्थ हा क्रम पाळा. नुसते हार्ड ॲनोडाइज्ड भांडे नॉनस्टिक नसते. त्यात तेल लागतेच. तेल तापल्यावर पोहे, भाजी किंवा थालीपीठ घातले तर चिकटणे बरेच कमी होते. थालीपीठ उलटायची घाई करू नका. खालून खमंग भाजले की ते स्वतःच सुटते.
- तळणीसाठी जरूर वापरा. दिवाळीत चकल्या, करंज्यांचा घाणा टाकला की तेल थंड होते. जाड ॲल्युमिनियमच्या कढईत ते पुन्हा लवकर तापते, म्हणून चकली तेल कमी पिते. शिरा, बेसन भाजणे, साबुदाण्याची खिचडी, पिठले, उपमा ही या भांड्याची हक्काची कामे आहेत.

काय टाळावे

- रिकामे भांडे गॅसवर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. आतून नॉनस्टिक असेल तर हे विशेष पाळा. त्या लेपातले टेफ्लॉन साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागते आणि आणखी तापले की त्याचा धूर माणसाला त्रास देतो. घरात पाळलेले पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांच्यासाठी हा धूर जीवघेणा असतो.
- तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियम उष्णतेने ऑक्साइडच्या कितीतरी पट प्रसरण पावते. एकदम गार केले की धातू झपाट्याने आकसतो, थर मागे राहतो आणि त्यात बारीक तडे जातात. बूड वाकण्याचे कारणही बहुतेकदा हेच असते. भांडे दहा मिनिटे निवू द्या, मग धुवा.
- मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. साध्या ओव्हनमध्येही प्लास्टिकचा किंवा बॅकेलाइटचा दांडा असलेले भांडे घालू नका.

आंबट आणि खारट

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, म्हणून हे नीट समजून घ्यावे. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड साधारण पीएच 4 ते 8.5 या पट्ट्यात टिकून राहते. टोमॅटो आणि ताक या पट्ट्याच्या खालच्या काठावर आहेत. चिंच, कोकम आणि लिंबू त्याच्याही खाली, म्हणजे जास्त आंबट. थोडा वेळ संपर्क आला तर थर तग धरतो. तासन्‌तास आंबट राहिले तर तो हळूहळू विरघळू लागतो.

काय करावे

- आंबट शेवटी घाला. आमटीत चिंचेचा कोळ किंवा आमसुले डाळ शिजून फोडणी बसल्यावर घाला, एक उकळी काढा आणि आमटी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. असे केल्यास रोजच्या आमटीला काहीच हरकत नाही.
- मुळातच आंबट पदार्थांसाठी स्टील, काच किंवा माती वापरा. सोलकढी, पंचामृत, टोमॅटोचे सार, कैरीचा मेथांबा, चिंच घालून तासभर रटरटणारे अळूचे फदफदे, आमसुले घातलेले माशांचे कालवण यांचे पातेले वेगळेच असावे.
- जेवण झाल्यावर उरलेले काढून ठेवा. मग तो पदार्थ आंबट असो वा नसो.

काय टाळावे

- रात्रभर भांड्यात अन्न ठेवू नका. ओलसर मीठ एकाच जागी साचून राहिले तर तिथे बारीक खड्डे पडतात. लोणच्याची फोडणी, खारवलेल्या मिरच्या, मिठाचे पाणी यांनाही हाच नियम.
- कुकरच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचे बोटूक टाकू नका. साधा ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे केले जाते आणि तिथे ते योग्यही आहे. हार्ड ॲनोडाइज्ड कुकर मुळातच काळा असतो. त्याला या उपायाची गरज नाही, उलट अपायच होतो.

इथेच आरोग्याच्या प्रश्नाचेही उत्तर द्यायला हवे, कारण भीती मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये ॲल्युमिनियमच्या सेवनाची मर्यादा ठरवली. शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला 2 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 120 मिलिग्रॅम. थर शाबूत असलेल्या भांड्यातून अन्नात फारच थोडे ॲल्युमिनियम उतरते, साध्या भांड्यापेक्षा नक्कीच कमी. या भांड्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो असे सिद्ध झालेले नाही. शरीरात आलेले ॲल्युमिनियम मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर त्याच्या डॉक्टरांना भांड्यांबद्दल जरूर विचारा.

उलथणे, डाव आणि सांडशी

काय करावे

- नॉनस्टिक लेप असेल तर लाकडी किंवा सिलिकॉनचे उलथणे वापरा. याला अपवाद नाही.
- नुसत्या हार्ड ॲनोडाइज्ड कढईत गोल कडांचा स्टीलचा डाव चालतो. हा थर साध्या स्टीलपेक्षा कठीण असतो. डावाने रुपेरी रेघ उमटली तर ती बहुधा डावाचीच असते, घासल्यावर जाते.

काय टाळावे

- कढईत सुरीने कापू नका आणि डाव काठावर आपटू नका. थर कठीण असला तरी पातळ आणि ठिसूळ आहे, त्याखालचा धातू मऊ आहे. पोचा पडला की त्या जागी थर फुटतो.
- सांडशीने काठ चावू देऊ नका. काठावर सगळा जोर एका टोकाशी येतो. पकडायला सुती फडके किंवा हातमोजे घ्या.

घासणे आणि ठेवणे

काय करावे

- कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ स्पंज एवढेच पुरते. करपले असेल तर गरम पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग नायलॉनच्या घासणीने काढा.
- बोअरवेलच्या पाण्याने आत पांढुरका थर बसला तर घाबरू नका. तो पाण्यातला क्षार असतो. भरपूर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून फडक्याने पुसा आणि लगेच स्वच्छ धुवा.
- कोरडे पुसून ठेवा. एकात एक ठेवताना मध्ये सुती कापड किंवा वर्तमानपत्राची घडी घाला.
- भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे सगळे समजावून सांगा. योग्य घासणी आणि साबण त्यांच्या हाताशी ठेवा. आपण न सांगता त्यांच्याकडून अपेक्षा करणे न्याय्य नाही.

काय टाळावे

- धुण्याचा सोडा, राख आणि डिशवॉशर. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच 11 च्या आसपास जातो. राखही अल्कधर्मी आणि डिशवॉशरची पावडरही. आंबटाने जे तासांत होते ते यांनी लवकर होते, काळा रंग उडून भांडे भुरकट दिसू लागते.
- तारेची घासणी आणि घासायची भरड पावडर.
- पितळेसारखे चिंच-मिठाने उजळणे. या भांड्याला चमक आणायची नसते.

भांडे कधी बदलावे

- नुसत्या हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यात आतून रुपेरी धातू दिसू लागला तर तिथला थर गेला आहे. ते आता साध्या ॲल्युमिनियमसारखे झाले. कोरडे भाजण्यासाठी वापरा, आंबटासाठी अजिबात नको.
- नॉनस्टिक लेपाचे पापुद्रे सुटू लागले की ते भांडे वापरणे थांबवा.
- बूड फुगले किंवा दांडा सैल झाला आणि घट्ट होत नसेल तर उकळत्या तेलासाठी ते कधीही वापरू नका.
- टाकायचे ते भंगारवाल्याला द्या. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, ते खनिजापासून नव्याने काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते.

एकाच भांड्याकडून सगळी कामे करून घ्यायचा हट्ट मात्र सोडा. परतणे, भाजणे, तळणे हार्ड ॲनोडाइज्डमध्ये, आंबट स्टीलमध्ये आणि पालेभाजी अधूनमधून लोखंडी कढईत, म्हणजे पोटात थोडे लोहही जाईल. नवे भांडे घ्यायला निघालात तर दुकानात आधी एकच प्रश्न विचारा: आतून लेप आहे की नाही? त्या उत्तरावर पुढची सगळी पथ्ये ठरतात.