एसी बंद, डोकं गरम: तितिक्षा म्हणजे नेमकं काय? (गीता 2.14)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 14
आजचा शब्द: तितिक्षा

श्लोकाचा भाव

भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख हे होणारच. पण ते येतं तसं जातंही, कायमचं राहत नाही. म्हणून तू ते सोस.

ज्ञानेश्वरीत माउली इथे एकेका इंद्रियाचा हिशेब मांडतात. कानाला निंदा आणि स्तुती, त्वचेला मऊ आणि कठीण, नाकाला सुगंध आणि दुर्गंध. प्रत्येक विषयाला दोन बाजू आहेत आणि आपण त्या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहतो.

हा श्लोक आपण लगेच 'अॅडजस्ट कर, चालतंय' या अर्थाने घेतो. काही बिघडलं असेल तर बिघडू दे, देवाची इच्छा! पण पुढे वाचा. चौदाव्या श्लोकात 'सोस' म्हणणारे भगवंत चारच श्लोकांनी, अठराव्यात, 'म्हणून युद्ध कर' म्हणतात. दोन्ही श्लोकांच्या शेवटी हाक तीच आहे: भारत. म्हणजे एकाच माणसाला, एकाच दमात, सोसायलाही सांगितलंय आणि उभं राहून काम करायलाही.

मग या दोन आज्ञा एकत्र कशा बसतात? रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण घेऊया.

एप्रिल महिना आणि गाडीचा एसी

गेल्या एप्रिलमध्ये पुण्यात आमच्या आठ वर्षं जुन्या गाडीचा एसी बिघडला. हायवेला गार हवा यायची आणि सिग्नलला थांबलो की दोन-तीन मिनिटांत गरम. पहिल्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, "कंप्रेसर गेलाय, कंडेन्सरही बदलावा लागेल, 42,000 होतील." दुसरीकडे म्हणाले, "गॅस कमी झालाय, 2,500 मध्ये भरून देतो."

त्याच महिन्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बिलं भरून झाली होती. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशात जेमतेम 50,000 उरले होते. आणि आईला आठवड्यातून तीन दिवस, दुपारी, फिजिओथेरपीला न्यायचं होतं.

अशा वेळी मन दोनच बटणं दाखवतं. एक म्हणजे "घ्या पैसे, पण आत्ताच्या आत्ता गार करा." दुसरं म्हणजे "सगळे लुटायलाच बसलेत, कोणाकडेच जायचं नाही." दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. उकाडा, किंवा त्या आकड्याने बसलेला चटका, एक दिवसही सोसवत नाही.

इथे तितिक्षेचा खरा उपयोग कळतो. तितिक्षा आपल्याला वेळ मिळवून देते, आणि विवेकाला काम करायला वेळच लागतो. जो आठ दिवस घामात गाडी चालवू शकतो, तो चार प्रश्न विचारू शकतो, तिसऱ्या ठिकाणी दाखवू शकतो, रात्री शांतपणे विचार करू शकतो. ज्याला ते जमत नाही, त्याचा निर्णय उकाडा घेतो.

सोसायचं कोणी?

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. भगवंत 'तू सोस' म्हणतात, 'घरच्यांना सोसायला लाव' असं म्हणत नाहीत. सहाव्या अध्यायात (श्लोक 32) तर दुसऱ्याचं सुख-दुःख आपल्यासारखंच मानणाऱ्याला श्रेष्ठ योगी म्हटलंय.

त्यामुळे आम्ही वाटणी केली. ऑफिसला मी काचा खाली करून, पाण्याची बाटली घेऊन जायचो. आईसाठी मात्र त्या तीन दिवशी एसी कॅब. एका फेरीला साधारण 300 रुपये. आई म्हणाली, "अरे, कशाला खर्च? बसेन मी तशीच." पण तिचा त्याग आपण आपल्या हिशेबात धरायचा नसतो. स्वतःसाठी तितिक्षा, दुसऱ्यासाठी करुणा. हे उलटं झालं की अध्यात्माच्या नावाखाली कंजुषी सुरू होते.

विवेक म्हणजे कारण शोधणं

आपल्यापैकी बरेच जण आयटीवाले आहेत. लॉग न बघता कोणी "अख्खा सर्व्हर बदला" म्हणालं तर आपण ऐकू का? गाडीचंही तसंच. थोडं समजून घेतलं की भीती निम्मी होते.

एसीचा गॅस बंद वर्तुळात फिरतो. कंप्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीसारख्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाते, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो केबिनमधली उष्णता शोषतो. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. जुन्या गाडीत वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण एकदम कमी झाला तर कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय गाड्यांमध्ये सर्रास असणारा आर-134ए हा वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटीहून जास्त तीव्र आहे. म्हणजे पैसे आपले जातात आणि ताप सगळ्यांना होतो.

आमच्या गाडीत खूण स्पष्ट होती: धावताना गार, थांबल्यावर गरम. तिसऱ्या ठिकाणच्या एसी मेकॅनिकने आधी दोन्ही बाजूंना गेज लावले, मग बोनेट उघडं ठेवून एसी चालू केला आणि म्हणाला, "दादा, हा फॅन बघा. फिरतच नाहीये." धावत्या गाडीत समोरून वारा लागतो म्हणून कंडेन्सर गार राहतो. थांबलो की ते काम फॅनचं. फॅन बंद, त्यामुळे दाब वाढतो आणि सुरक्षेसाठी प्रेशर स्विच कंप्रेसरच बंद करतो. त्याने फ्यूज आणि रिले तपासले, ते ठीक होते. मोटर जळली होती. नवीन फॅन आणि मजुरी धरून 5,200 रुपये झाले.

'कंप्रेसर चालत नाही' हे पहिल्या वर्कशॉपचं निरीक्षण खरंच होतं. तो का चालत नाही, हा पुढचा प्रश्न राहून गेला होता. दिसतं ते आणि त्यामागचं कारण यात फरक करणं, हाच विवेक.

बोलणं कसं असावं?

सतराव्या अध्यायात (श्लोक 15) वाणीचं तप सांगितलंय: बोलणं दुसऱ्याला न दुखावणारं, खरं, गोड आणि हिताचं असावं. गॅरेजमध्ये हे चारही एकत्र पाळता येतं. "मला फसवताय का?" ऐवजी हे विचारा:

- तुम्ही काय तपासलंत? गेजवर दाब किती दाखवला?
- लीक असेल तर कुठे आहे? मला दाखवाल का?
- पार्ट किती आणि मजुरी किती, वेगळं लिहून द्याल?
- जुना पार्ट परत मिळेल ना? कामाची गॅरंटी किती दिवस?

यात कोणाचाही अपमान नाही. प्रामाणिक मेकॅनिकला असे प्रश्न आवडतात, कारण त्याची मेहनत कोणीतरी बघतंय. एक सूचना मात्र जरूर पाळा. केबिन फिल्टर घरी काढून बघायला हरकत नाही, पण गॅसची लाइन स्वतः उघडू नका. दाबाखालचा गॅस बाहेर पडताना इतका थंड होतो की त्वचा आणि डोळ्यांना इजा होते.

आणि मोठा आकडाच खरा निघाला तर?

तेही होतं. कंप्रेसर आतून घासून धातूचा चुरा सगळीकडे पसरला असेल, तर त्याच्याबरोबर कंडेन्सर आणि ड्रायर बदलणं योग्यच असतं. कूलिंग कॉइल लीक असेल तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी वाढतेच. स्वस्त तेच खरं, हाही एक भ्रमच आहे.

अशा वेळी तितिक्षा दुसऱ्या रूपात लागते. 'विवेकचूडामणी'त, जो ग्रंथ परंपरेने शंकराचार्यांचा मानला जातो, तितिक्षेची एक खूण सांगितली आहे: दुःख सोसायचं, पण चिंता आणि रडगाणं न करता. म्हणजे नीट तपासून खर्च पटला, तर पैसे द्या आणि विषय संपवा. पुढचे सहा महिने प्रत्येक जेवणाला त्या बिलाची कथा लावू नका. किंवा आत्ता झेपत नसेल तर दोन महिने थांबा, आणि थांबलेल्या दिवसांची तक्रार करू नका. दोन्ही चालेल. बिल एकदाच भरायचं असतं, मनात ते रोज भरण्याची गरज नाही.

आजची साधना

आज दिवसभरात एखादी छोटी गैरसोय येईलच. लिफ्ट बंद असेल, नेट स्लो असेल, रिक्षावाला नाही म्हणेल. तेव्हा लगेच काही करू नका. तीन वेळा सावकाश नाम घ्या आणि स्वतःला विचारा:

1. हे मी थोडा वेळ सोसू शकतो का?
2. माझ्यामुळे दुसरं कोणी सोसतंय का? असेल तर आधी त्याची सोय.
3. खरं कारण काय, आणि आता माझं कर्तव्य काय?

पहिल्या प्रश्नात चौदावा श्लोक आहे आणि तिसऱ्यात अठरावा.

उद्या श्लोक 15 घेऊ: सुख-दुःखात जो डळमळत नाही, त्याला भगवंत कशासाठी पात्र म्हणतात?

राम कृष्ण हरी!